सलीमच्या शिडाचं पोट

मोबाईलवर सलीमचं नाव दिसलं, तेव्हा मी रिसोडच्या बाजारात वांग्यांचे कॅरेट उतरवत होतो. नेहमीसारखाच बोललो, "काय बे, सकाळपासून कुठी मेला होता?" पलीकडून त्याच्या थोरल्या बहिणीचा, आपाचा आवाज आला. "गजू... सलीम गेला रे." शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. महिना उलटला, तरी 'कुठी मेला होता' हे माझेच शब्द मला टोचत राहतात.

सलीम गावचा ताडपत्रीवाला, पण त्याआधी गोव्यात यॉटची शिडं शिवणाऱ्या कारखान्यात होता. समुद्राशी काही देणंघेणं नसलेल्या आमच्या मुलखात त्रिकोणी शिडाच्या गोष्टी सांगणारा तो एकटाच. उंच डोलकाठी, खाली आडवा दांडा, मध्ये कापड... एवढ्यावर होडी वाऱ्याच्या तोंडावर जाते म्हणायचा.

"वारा समोरून अन् होडीबी समोर? येडं बनवून राह्यला का मले?"

"सरळ नाही बे, नागमोडी जाते. पण सपाट कापडाचं काम नाही ते. शिडाले पोट पायजे."

म्हणजे प्रत्येक पट्टीची कड किंचित गोलाईत कापायची, की जोडलेलं कापड वाऱ्यात फुगतं. परतल्यावर पहिली ताडपत्रीही या पठ्ठ्याने पोटवालीच शिवली! हाताला वळणच तसं. सोयाबीनच्या ट्रॉलीवर ती ताणली, पाऊस आला आणि मधोमध तळं साचलं. "आता म्हशी सोडतो त्याच्यात," ट्रॉलीवाला म्हणाला. सगळ्यांत जास्त सलीमच हसला होता. पुढे मात्र त्याने कायम सपाटच शिवलं.

यंदा त्या जुन्या कारखान्याने एक शिड घरून शिवून मागितलं आणि याची झोपच उडाली. "हात सपाट झाला बे माहा. पोट आलंच नाही तं?" एवढा घाबरलेला सलीम मी कधी पाहिला नव्हता. शिड शिवून झालं. शुक्रवारी नमाजनंतर माझ्या मळ्यात बांबूवर चढवून बघायचं ठरलं. बुधवारीच तो गेला. असं कोणी जातं का?

परवा आपा ते शिड घेऊन मळ्यात आली. "धाडायच्या आधी पाहून घेऊ गजू. लय फिकर होती त्याले." एक बांबू डोलकाठीसारखा रोवला, दुसरा खाली आडवा बांधला, दोरी ओढली. कापड आधी नुसतंच फडफडलं. मी खालचा दांडा जरा वळवून धरला आणि एकदम फडफड थांबली. कापड गोल फुगलं, दांडा मलाच ओढू लागला. आपाने फुगलेल्या कापडावर तळवा टेकवला. "आलं रे पोट," ती म्हणाली.

"सलीम, जमलं बे!" मी ओरडलो... आणि आम्ही दोघांनीही एकदमच मागे वळून पाहिलं.