आप्पांच्या डोक्यावरचा संदर्भग्रंथ

आमच्या गावात इंग्रजी साहित्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली, ती माझ्यामुळे.

मी खोपोलीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे अख्खं इंग्रजी साहित्य एका जागी सांगणारा, सोनेरी कडांचा, जाडजूड संदर्भग्रंथ मी हौसेनं मागवला. (हौस मागवण्यापुरतीच होती.) आईनं तो बघितला मात्र, एवढं ज्ञान उघडं कसं ठेवायचं म्हणून लाल कापडात बांधून थेट देवघरात ठेवला!

यंदा गावच्या सप्ताहात पारायणाचा ग्रंथ डोक्यावरून देवळात नेण्याचा मान आमच्या घराला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, या मानाची बारा वर्षं वाट बघत होते. आदल्या दिवशी ग्रंथ घरी आला. तोही लाल कापडात. तोही देवघरात!

"ग्रंथ आण रं!" आप्पांनी अंगणातून हाक मारली. टाळ सुरू झाले होते. मी आत गेलो, तर दोन लाल गाठोडी! देवघरातली गाठ उगाच सोडायची नाही, हा आईचा कायदा. आणि आई बाहेर, आरतीचं ताट घेऊन. मी दोन्ही गाठोडी हातात तोलून पाहिली आणि मास्तरकीची सगळी हुशारी वापरून जे जास्त जड, ते आप्पांच्या डोक्यावर ठेवलं.

"यंदा ग्रंथ लय जड लागतोय रं," वाटेत आप्पा कण्हले.

"मान आहे आप्पा, जड लागणारच!"

दारोदारी बायकांनी आप्पांच्या पायांवर पाणी घातलं. म्हातारी माणसं ग्रंथाच्या पाया पडली. मीही पडलो! देवळात पारायणाला बसणाऱ्या भाऊकाकांनी गाठ सोडली, चष्मा पुसला, पुस्तक उलटं धरलं, सुलटं धरलं, परत उलटं धरलं.

"मास्तर, ह्ये काय हाय?"

सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. आप्पांचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकून... तो इंग्रजी साहित्याचा..."

आई खरा ग्रंथ आणायला घराकडे पळाली. आप्पांनी मात्र स्वतःला सावरलं. "ह्योबी ग्यानाचाच ग्रंथ हाय! माझा पोरगा रोज वाचतो."

"मंग तुमची आई येस्तवर सांगा की मास्तर, काय लिवलंय ह्यात," असं म्हणत भाऊकाकांनी पान उलटायला घेतलं. उलटेना; सोनेरी कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. नखानं सोडवलं, तर पुढचंही चिकटलेलं. त्याच्या पुढचंही! "आप्पा, ह्यो तर कोरा करकरीत हाय!"

अख्खं देऊळ हसलं. आई धापा टाकत खरा ग्रंथ घेऊन आली आणि पारायण एकदाचं सुरू झालं.

घरी जाताना आप्पांनी आधी आपली दुखरी मान चोळली. मग म्हणाले, "ग्रंथ चुकला, त्याचं काय नाय रं. पन तू तो उघडलाबी नाय, ह्ये साऱ्या गावाला कळलं."

"आप्पा, तो सलग वाचायचा नसतो. संदर्भग्रंथ आहे. कुठं अडलं की बघायचा."

"मंग आज अडलं व्हतं की!"

याला काय उत्तर द्यायचं, ते त्या हजार पानांत कुठंतरी नक्की असणार. पण बघायचं, तर आधी ती पानं सोडवायला हवीत!