सांगायला यायचं नाही

माझ्या आत्याला सगळी पंचवटी पुडीवाली आत्या म्हणायची. रविवारी सकाळी कोणी खाली मान घालून दारात उभा राहिला की ती एका शब्दाने काही विचारायची नाही. मूळव्याधीची पुडी त्याच्या हातावर ठेवायची आणि बजावायची, "ताकातून घे. आणि गुण आला की सांगायला यायचं नाही, नाहीतर औषधाचा गुण जातो." हा नियम तिच्या सासूपासून चालत आलेला. पैसे नाहीत, आभारही नाहीत.

तोंडाने मात्र भारी फटकळ. "रोज उठून झणझणीत मिसळ हाणायची आणि मग माझं दार गाठायचं!" घोटीकडचा एक शेतकरी पुडी न्यायला येताना तांदळाची पिशवी घेऊन आला, तर त्याला पायरीवरच झापलं. "उचल आधी ती! दुकान मांडलंय का मी?" बिचारा ओशाळला. आम्हाला आत हसू आवरेना.

तिला स्वतःला शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा कोणाला पत्ता लागू दिला नाही. आपलीच पुडी घेत राहिली. ब्लाउज सैल झाले तर म्हणे, "उपास चाललेत." शेवटी एकदा भिंत धरून चालताना मी पाहिलं आणि तिच्या शिव्या खात तिला दवाखान्यात नेलं.

दुर्बिणीने तपासलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही पसरलेला. डॉक्टरांनी नीट समजावलं. आतड्याच्या आतून बारीक मांसाचा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. बरेचसे काही करत नाहीत, पण एखाद्याचा वर्षानुवर्षं वाढत कॅन्सर होतो. वेळेत सापडला तर बहुतेकदा दुर्बिणीतूनच काढता येतो. रक्त मूळव्याधीतही पडतं आणि यातही, म्हणून अंदाजावर राहायचं नाही.

मला वाटलं, आता ही रडणार. तिने विचारलं, "मग मी ज्यांना पुड्या दिल्या, त्यांचं काय हो?" मग स्वतःशीच म्हणाली, "परत आला नाही तो बरा झाला, असंच धरून चालले मी. येऊ नका म्हणून मीच तर सांगत होते." तिचा तो चेहरा मला बघवेना.

पुडी बंद झाली. केमोने पार गळून गेली होती, तरी रविवारी दारात खुर्ची टाकून बसायची. "रक्त कधीपासून पडतंय? वजन उतरलंय का? घरात कोणाला होतं का? आधी डॉक्टरकडे जा, आणि काय निघालं ते मला येऊन सांग. नियम गेला खड्ड्यात!" घोटीवाला तर चिडलाच. "येवढ्या लांबून आलो आन् पुडी नाय?" म्हणत तरातरा निघून गेला.

सांगायला कोणीच आलं नाही. ती रस्त्याकडे डोळे लावून बसायची. "आज येईल गं कोणीतरी," म्हणायची. तिची काय समजूत काढणार, कप्पाळ! तशीच वाट बघत गेली माझी आत्या.

तिचे दिवस होऊन गेल्यावर एका रविवारी घोटीवाला दारात उभा. हातात पिशवी.

"आत्या हायेत का? त्यांनी धाडलं म्हणून गेलो दवाखान्यात. कोंब निघाला, काढला बी. डॉक्टर म्हनले, येळेवर आला. त्येच सांगाया आलो."

मी नुसतं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि फोटोला हात जोडले.

पिशवी मी परत केली नाही. आत नेऊन फोटोखाली ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "आत्या, आला गं एक जण सांगायला."