अण्णांचा फुटपाथ, माझी रांगोळी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच पेज करून, फ्लास्कमध्ये भरून, कुंभकोणमच्या बसची वाट पाहत उभी होते. अण्णांचा मुलगा श्रीधर चेन्नईहून आला होता, तो दवाखान्यातच राहत होता. "आत्या, अप्पा गेले म्हणून डॉक्टर सांगितले. तूं तेथेंच राहा, मी घेऊन येतों," एवढंच तो बोलला. तेवढ्यात बस आलीच. कंडक्टरनं नेहमीसारखी माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि मी नको नको म्हणून मान हलवली. बस गेली, मी घरी आले. पेज संध्याकाळपर्यंत गरम होती.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून बरेच मोठे. आमचं घराणं तंजावरकडचं, मराठी राजवटीत इकडे आलेलं आणि इकडचंच झालेलं. तिरुनागेश्वरम् जवळच्या या खेड्यात आमची दोन घरं आहेत, एकाच आळीत, मधे तीन-चार दारं सोडून. तमिळ शेजारी आम्हाला 'रायर' म्हणतात. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती महाराष्ट्रातल्या माणसाला जुनाट वाटते. लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा सासरची मुलं माझ्या तोंडून 'कोठें' आणि 'तेथें' ऐकायला मुद्दाम प्रश्न विचारायची. ही आत्ताची लिहायची मराठी मी तिथंच शिकले. नवरा गेल्यावर परत माहेरच्या घरी आले ती अण्णांच्या भरवशावर. वहिनी आधीच गेल्या होत्या. अण्णा रोज पहाटे माझ्याकडे कॉफीला यायचे, पेपर तिथंच वाचायचे, आणि माझ्या कॉफीत चिकोरी जास्त पडते असं रोज न चुकता सांगायचे.

जन्मभर त्यांनी सरकारी नोकरीत रस्ते बांधले. मोठमोठे, गाड्यांचे. निवृत्त होऊन गावी आले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या गुडघ्यांनिशी गावच्या रस्त्यावरून चालायला लागले. रस्ता तोपर्यंत रुंद झाला होता, थेट घरांच्या पायऱ्यांना येऊन टेकला होता. राहूच्या देवळाला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या, विटांचे ट्रक, मिनीबस. शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं भिंतीला खांदा घासत चालायची. समोरच्या घरात वासंती राहते. लहानपणी पोलिओ झालेला, आता चाळिशीची आहे, ब्लाउज शिवते, सगळ्या आळीचे ब्लाउज तिच्याच हातचे. चाकांची खुर्ची तिला मिळाली होती, पण ती घरातल्या घरातच फिरायची. अण्णांनी तिला विचारलं, तुला कुठं जावंसं वाटतं? तिनं क्षणभर विचार केला नि म्हणाली, "देवळापर्यंत, सार... कुणी न ढकलता."

झालं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा ती रिकामी खुर्ची घेऊन आळीभर फिरायला लागले. कुठं अडते, कुठं कलंडते, ते बघत. लोकांना वाटलं रायर सारना म्हातारचळ लागला. पंचायतीत तर सरळ हसले. फुटपाथ? तो शहरात असतो, खेड्यात माणूस रस्त्यावरूनच चालतो. अण्णा चिडले की आवाज खाली आणायचे. म्हणाले, शहरात माणूस ट्रकखाली आला तर पेपरात येतो, इथं येत नाही, फरक तेवढाच आहे. मग त्यांनी घरोघर जाऊन समजावलं. गटार झाकून त्याच्यावरूनच पट्टा न्यायचा, फार उंच करायचा नाही, जिथं दार तिथं उतार, कडुनिंब तोडायचा नाही, त्याला वळसा घालायचा. अडचण एकच होती, दारापुढच्या पायऱ्यांची. प्रत्येकाची पायरी आत घ्यावी लागणार होती, आणि आपल्या दारची पायरी कोण तोडू देतो? अण्णांनी गवंडी बोलावला आणि पहिली आपली पायरी फोडली. आजोबांच्या काळची, काळ्या दगडाची. मला म्हणाले, "यमू, सांगून कोणी ऐकत नाहींत. करून दाखविलें म्हणजे पाहतात." दुसरी माझी फुटली. मग एकेक करून साऱ्या आळीच्या.

विजेचे खांब हलवायला जो वेळ गेला त्यात दुसरा माणूस कंटाळून मेला असता. पण अखेर पट्टा झाला. वासंती आपल्या हातांनी चाकं फिरवत देवळापर्यंत गेली त्या दिवशी अण्णा तिच्या मागून चालले, हात पाठीशी बांधून, एकदाही खुर्चीला हात न लावता. देवळाच्या दाराशी पोचल्यावर ती हसली, आणि अण्णांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

आता जे सांगायचं ते आमच्याच गावात घडू शकतं. अण्णांनी सगळ्याचा विचार केला होता, गाईचा, मोटरसायकलींचा, पावसाच्या पाण्याचा. बायकांचा केला नव्हता. प्रत्येक दारापुढे आता गुळगुळीत, स्वच्छ, सपाट सिमेंट आलं होतं. इतक्या वर्षांत शेणसड्याच्या खडबडीत मातीवर कोलम, म्हणजे इकडची पिठाची रांगोळी, काढणाऱ्या बायकांना अशी जागा कधी मिळाली होती? पहिल्या आठवड्यातच पट्टाभर कोलम उमटले. या दारापासून त्या दारापर्यंत तांदळाच्या पिठाचे ठिपके, वेली, कमळं, मोर. मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात तर एकेकीचा कोलम भिंतीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत. आणि लोक काय करायचे? ताज्या कोलमवर पाय कसा द्यायचा, म्हणून खाली रस्त्यावर उतरायचे. दार गेलं की वर चढायचे, पुढचं दार आलं की परत उतरायचे. मी हसून हसून बेजार झाले. अण्णाही आधी हसले.

आम्हा भावंडांना तर आईची शिकवणच होती. काढलेल्या रांगोळीवर पाय पडला की बोट टेकवून डोळ्यांना लावायचं आणि वर दोन शब्द ऐकायचे. त्यामुळे अण्णा कुणाला कोलमवरून चाला म्हणू शकत नव्हते, ते स्वतःच उतरायचे. वासंतीला तर अशी दारोदारी चढउतर करताच येत नव्हती. एकदा तिच्या चाकांनी कुणाचा तरी मोर पुसला गेला, कुणी रागावलं नाही, पण ती इतकी ओशाळली की सकाळची बाहेर पडेनाशी झाली. मग कधी घाईची वेळ आली तर सरळ रस्त्यानं, बसच्या बाजूनं. हे पाहिलं तेव्हा अण्णांचं हसू गेलं. त्या दिवशी कॉफी पिताना मला म्हणाले, "कोलम काढूं नका म्हणून मी कोणत्या तोंडानें सांगूं? तूं आधीं लहान काढ. भिंतीस लागून. बाकी जागा चालणाऱ्यास सोड. तुझें पाहून त्याही सोडतील." मी हो म्हटलं. आनंदानं म्हटलं.

आणि काही दिवस काढलीही. भिंतीलगत, ताटाएवढी. पण मी पुण्यात रंगांच्या मोठ्या रांगोळ्या शिकून आलेली. इथल्या बायकांना ते नवीन. "अक्का, तुमची ती रंगाची मोठी बंद का केली?" असं रोज कुणीतरी विचारायची, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायची. एकट्या बाईच्या दिवसात दुसरं कौतुक कुठलं असतं हो? वैकुंठ एकादशी आली. म्हटलं, आजच्या दिवस. अण्णांना काय, उद्यापासून परत लहान. अंधारात उठून मी सबंध पट्टा भरला. शंख, चक्र, भोवती वेलबुट्टी, कडेला निळा काठ, थेट रस्त्याच्या धारेपर्यंत. मुंगीला जायला वाट ठेवली नाही. आणि आत जाऊन कॉफीचं पाणी ठेवलं.

ब्रेकचा आवाज आला. मग काही तरी पडल्याचा, मग माणसांचा. मी बाहेर धावले... आणि हे मी बरेच दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, श्रीधरला तर अजूनही नाही. दारात आल्यावर माझी नजर आधी रांगोळीवर गेली. ती जशीच्या तशी होती. मला बरं वाटलं. डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ, पण बरं वाटलं. मग दिसलं की तिच्या पलीकडे, रस्त्यावर, अण्णा आडवे पडले आहेत. दुधवाल्याची, कॅन बांधलेली मोटरसायकल होती. मागून बस आली म्हणून तो कडेला सरकला, आणि त्याच वेळी अण्णा, कॉफीआधी देवळात जाऊन यायचं म्हणून, माझ्या रांगोळीला वळसा घालायला खाली उतरले. तो बिचारा स्वतःच रडत होता. त्यानंच अण्णांना उचललं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नीटही झालं म्हणाले. अण्णा शुद्धीवर आले तेव्हा मी उशाशी होते. मला वाटलं पाणी मागतील, श्रीधरची चौकशी करतील. त्यांनी हळू विचारलं, "यमू, तुझी रांगोळी मोडली नाहीं कीं?" मी म्हटलं, "नाहीं अण्णा." तर म्हणाले, "बरें झालें. सुंदर होती." एवढंच. लहान काढायची ठरली होती ना, असं नाही, तू कबूल केलं होतंस, असं नाही. रागावले असते तर मी आज थोडी सुखी असते. नंतर छातीत कफ झाला, ताप चढला, आणि एका सकाळी, मी पेज घेऊन बसची वाट पाहत असताना...

गावानं हळहळून घेतलं. ज्यानं फुटपाथ बांधला तोच रस्त्यावर उतरला आणि गेला, असं जो तो म्हणायचा. श्रीधरही म्हणाला, "अप्पा जन्मभर दुसऱ्यांस सांगितले, आपण सांभाळले नाहींत." मी शेजारीच बसले होते. श्रीधर, तू हे वाचशील. तुझ्या अप्पांनी हयगय केली नाही रे. त्यांना जायला मी जागाच ठेवली नव्हती.

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं. पण पुढे कित्येक आठवडे माझं दार कोरंच राहिलं. बायकांना वाटलं दुःख आहे. दुःख होतंच, पण पिठाच्या डब्याला हात लावायची मला भीती वाटायची. शेजारच्या चेल्लम्मा पाट्टी, म्हणजे आजी, ऐंशीच्या पुढच्या, दिवसभर ओट्यावर बसून असतात. त्या रोज म्हणायच्या, दार असं कोरं ठेवू नये, दोन ठिपके तरी टाक. मी मान हलवून आत जायची.

मागच्या आठवड्यात सकाळीच बसचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, थांबेचना. बाहेर येऊन पाहते तर वासंती. रस्त्यावर. तिची खुर्ची कडेच्या खडीत रुतलेली, मागे बस, आणि ती दोन्ही हातांनी चाकं ओढतेय. अण्णांचा पट्टा तिच्यापासून हातभर अंतरावर, कोलमनी भरलेला. माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी खाली उतरले, खुर्ची उचकटून काढली, फिरवली आणि उतारावरून वर घातली. "अक्का, कोलम!" वासंती ओरडली. समोर चेल्लम्मा पाट्टींच्या सुनेनं काढलेला होता, नुकताच, खालचा सडा अजून ओला. मी थांबले नाही. चाकं त्याच्यावरून गेली, त्यामागून माझे अनवाणी पाय गेले. पायाखाली पीठ लागलं तसं मला रडूच फुटलं. पाट्टी ओट्यावरून बघत होत्या. मी तिथंच उभी राहून त्यांना सगळं सांगून टाकलं, एकादशीचं, शंखचक्राचं, अण्णा का उतरले त्याचं, अगदी माझी नजर आधी कुठं गेली त्याचंसुद्धा. तमिळमध्ये, भर आळीत, रडत. वासंती खुर्चीत मान खाली घालून ऐकत होती.

पाट्टींनी आपल्या सुनेच्या मोडलेल्या कोलमकडे बोट केलं. "सकाळी काढायचा, मुंग्यांनी खायचा, माणसांनी तुडवायचा. संध्याकाळी जसाच्या तसा उरला तर त्या घरी दिवसभरात कुणी आलंच नाही असं माझी सासू म्हणायची."

"मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत, पाट्टी?"

"तुम्ही सगळे मान राखून उतरत होता," त्या म्हणाल्या. "मान राखणाऱ्याला नको कसं म्हणायचं? आम्हालाही ते बरं वाटत होतं."

त्या दिवशी वासंतीला घेऊन मी देवळापर्यंत गेले, एकही कोलम न चुकवता. काही दारांतून बायका बघत राहिल्या, दोघी-तिघी हसल्या, एक नाराज झाली. होईल तीही सरळ. माझं दुखणं काही त्यानं सरलं नाही. पाट्टींची सासू काय म्हणायची ते आईला ठाऊक असतं, अण्णांना ठाऊक असतं, मी भिंतीलगत ताटाएवढी काढली असती... असं मन फिरून फिरून तिथंच येतं, आणि शेवटच्या 'असती'पाशी बसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी परत रांगोळी काढायला लागले आहे. लहान, भिंतीकडची नव्हे. चांगली मोठी, पट्टाभर. काढून झाली की डबा उंबऱ्यात ठेवते, अण्णांच्या घरापर्यंत चालत जाते, आणि ते रोज यायचे त्या वाटेनं परत येते, कडेनं नाही, मधूनच. माझ्या दारापुढे आले की पाय अडतो. अण्णा, रोज अडतो हो. मग मी तो टाकते.