पाचवा रुपचंद

पारोळ्याच्या बसस्थानकात भोंग्यावरून जो बाईचा आवाज येतो, तो कोकिळाअक्कांचा. वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची एकोणतीस वर्षं झाली. गाडी वेळेवर असो, दोन तास उशिरा असो की रद्द झालेली असो, त्यांचा आवाज एका पट्टीतला. त्यात ना दिलगिरी, ना घाई.

त्याच आवाजात रविवारी दुपारी तीन वाजता त्या आपल्या पुढच्या खोलीत सांगत, "विहिरीतून तुमच्या मेलेल्या चुलत्याचा आवाज येतो आहे. तो म्हणतो, दोर सोडा. काय करता?"

समोर चटईवर तिघं बसलेले असत. कंडक्टर पुनम, शेजारची सारिका आणि अक्कांच्या जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, मुलगा अभिमन, जो बाजारपेठेत शिवणकाम करतो. तिघांच्याही अंगावर काटा येई.

हे सगळं एका पुस्तकामुळे सुरू झालं. अक्कांच्या मुलाने, ललितने, पुण्यात शिकताना ते परदेशातून मागवलं आणि नोकरी लागल्यावर घरी आणून टाकलं. जाड पिवळट कागद, काळ्या शाईची चित्रं. त्यात गोष्ट नव्हती, एक मुलूख होता. तिथे सूर्य उगवतो पण ऊब देत नाही. बाजारात माणसं आपली सावली तोलून विकतात. त्या मुलखात आपण एक पात्र घेऊन शिरायचं, फासे टाकायचे आणि जमेल तितके दिवस जगायचं. कोणी शूरवीर नाही, कोणाला सवलत नाही. अक्कांनी शब्दकोश घेऊन दोन वर्षांत ते पान न् पान वाचलं. "ह्या पुस्तकात खोटा दिलासा नाही," त्या म्हणत, आणि हे त्यांना फार आवडे.

यंदा भावकीची कानबाई, श्रावणात एका रविवारी बसवून सोमवारी नदीत बोळवायची खानदेशातली देवी, त्यांच्या घरी बसणार होती. तीन दिवस आधी जेठ रुपचंदआबा रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायला आले. प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, हा नेम. नावांची यादी वहीत असते. आबांनी फळीवर दिसली ती वही काढली, मधलंच पान उघडलं, चष्मा लावला आणि नावं दिसली म्हणून मोठ्याने वाचू लागले.

"रुपचंद पहिला. प्राण तीन. विहिरीत पडून मेला." ते थांबले. "रुपचंद दुसरा, दलदलीत मेला. रुपचंद तिसरा, त्याच्या सावलीने खाल्ला. रुपचंद चौथा..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. गेल्या दसऱ्याला ते ओट्यावरून पडले होते, ते त्यांना आठवलं.

"कोकिळा, हाई काय शे? मना नाववर करणी करस का?"

"त्या पुस्तकना खेळ शे, आबा. ती रोटनी वही नही."

गहू निवडायला आलेल्या पुनमने फोन केला, तसा अभिमन मशीनवरचं काम सोडून धावत आला. मान खाली घालून म्हणाला, "नाव मी दिधं, आबा. खेळमा मना गडी सगळास्ना पुढे चालस. दार ठोकत नही, सरळ घुसस. मंग तुमनंच नाव सुचनं."

पुनमने तोंडाला पदर लावला. आबांना हसू आलं नाही.

"हाई पुस्तक सोमवारी कानबाईनासंगे पाणीमा जाई," ते म्हणाले. "नही तं मी या घरना रोट खात नही."

थोरल्याने रोट नाकारला तर भावकीची पंगत मोडते. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांचे यजमान गिरधरनाना खुर्चीतून म्हणाले, "तिनं पुस्तक शे. तिले इचारा."

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज तोच, फलाट क्रमांक तीनचा.

"आबा, तीस वरीसमा रोटनी यादीमा मनं नाव कधी उनं नही. गहू मी निवडस, दळस, रोट मी करस. मूठ मात्र मना नावनी नही. या वहीमा पहिलं नाव मनं शे. पुस्तक मी देत नही."

आबा उठून गेले.

रविवारी कानबाई बसली. नारळावर डोळे, नथ, हिरवं लुगडं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी झाली. आबा आले, पण ओट्यावरच बसून राहिले. आत पंगत मांडलेली आणि कोणीच घास उचलेना. अक्का आबांची मनधरणी करायला बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी थोरल्याचं ताट त्याच्या जागी वाढलं आणि वर दुसरं ताट झाकलं. मग गिरधरनानांनी रोट मोडला. त्यांच्यामागून एकेक हात पुढे झाला.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली. अक्कांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत पुस्तक. मागे घरी ठेवून कोणी उचललं तर, म्हणून त्यांनी ते सोबतच घेतलं होतं. आबा सगळा रस्ता त्या पिशवीकडे बघत चालले. कानबाई पाण्यात गेली. आबांनी हात पुढे केला. अक्कांनी पिशवीचा पट्टा एक वेढा जास्त घेतला आणि वळून घराकडे चालू लागल्या. त्या दुपारी आबांनी येऊन झाकलेलं ताट उघडलं आणि कालचा रोट संपवला. रोट बाहेरच्याला देता येत नाही आणि टाकताही येत नाही.

पुढच्या रविवारी अभिमन म्हणाला, "काकू, नाव बदलू का?"

"वहीतलं नाव खोडायचं नाही."

दार नेहमी लोटलेलं असे. त्या दिवशी अक्कांनी ते सताड उघडं ठेवलं.

"रुपचंद पाचवा. एक प्राण शिल्लक. विहिरीच्या काठावर उभा आहे. आत उजेड नाही. काय करतो?"

अभिमनने फासे उचलले. "उतरस."

"पहिले दगड टाक म्हना त्याले," ओट्यावरून खाकरत आवाज आला. "पाणी कितलं शे ते तं समजू दे."

अक्कांनी मान वळवली नाही.

"बाहेरतून बोलनं नही, आबा. खेळनं व्हई तं मझार या. आणि येताना दार ठोका."