दहापैकी किती

अकोल्याच्या डॉक्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पाठीचं दुखणं थोडंफार हटलं, राग तिथंच आहे.

मी वरूडचा संत्र्याचा व्यापारी. बाजारात टोपली उचलण्यापासून सुरुवात केली आणि पुढे उभे बगीचे विकत घेऊ लागलो. फळ झाडावर असतानाच नुसतं पाहून अख्ख्या बगीच्याचा भाव ठरवायचा, हा आमचा धंदा. झाड बाहेरून लगडलेलं दिसतं, पण आत किती आहे ते खाली वाकून, फांद्यांमध्ये मान घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. मला ते कळायचं म्हणून मी वर आलो. मग कंबर धरली आणि वाकणंच बंद झालं. मी बाहेरून पाहून भाव करू लागलो आणि फसू लागलो.

घरी कण्हलो की बायको म्हणायची, "तुमाले सगळंच वाढवून सांगायची सवय हाय." ते मला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं. निदान डॉक्टरच्या तोंडून तरी तिला कळावं, म्हणून अकोल्याला जाताना तिला सोबत नेलं.

डॉक्टरनं विचारलं, "दुखणं दहापैकी किती?"

आता व्यापाऱ्याला कुणी आकडा विचारला तर तो मनातला आकडा आधी सांगत नाही. सांगितला तर समोरचा तिथूनच खाली ओढतो. मी दहा म्हणालो आणि तो आठावर येईल म्हणून थांबलो. त्यानं घासाघीस केलीच नाही. निमूट दहा लिहून घेतलं, गोळ्या दिल्या.

पुढच्या खेपेला जरा बरं होतं. पण आपणच भाव उतरवला तर माल हलका ठरतो. मी पुन्हा दहा म्हणालो, त्यानं गोळी वाढवली. त्या गोळीनं मी भर सौद्यात, शेतकरी बोलत असताना, पेंगू लागलो. तिसऱ्या खेपेला दहा म्हणताच त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाला, "एक्स-रेच्या फोटोत वयाची झीज सोडली तर काही नाही. दहा दुखत असलं की माणूस असा मांडी घालून बोलत नाही. यांना मनाच्या डॉक्टरकडे दाखवा."

मी फाइल टेबलावर आपटून बाहेर आलो. मी खोटं बोललो नव्हतो, भाव सांगितला होता. परतताना मी गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून होतो. बायको पुढं बसली होती. तिला काय वाटत होतं ते मला पाठीमागूनही दिसत होतं.

नंतरचं वर्ष उपाय करून थकण्यातच गेलं. तेल, शेक, पट्टा, कुणी सांगितलेला काढा. शेवटी अमरावतीला एक डॉक्टर बाई नुसतं जुनं दुखणंच पाहतात असं कळलं. दर्यापूरकडच्या होत्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांनी आधी आकडा विचारलाच नाही.

"काका, या दुखण्यानं तुमचं काय अडलं?"

मी झाडाखाली वाकण्याचं सांगितलं. मग झोप, चालणं, आधीच्या गोळ्या, सगळं विचारून झालं. त्यांनी मला वाकायला लावलं, पाय उचलायला लावला, ठिकठिकाणी दाबून पाहिलं. आणि मग तोच प्रश्न आला.

"आठ," मी म्हणालो.

त्या हसल्या. "माझे बाबा कापूस विकायचे, काका. इथं मी भाव पाडत नाही. कमी सांगितलं म्हणून औषधही कमी देणार नाही."

"सहा," मी म्हणालो. "उठताना सात."

त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, फोटोत काही नाही तर दुखते कावून?

"विहिरीवरची मोटर ऑटोवर ठेवली तर लाइन आली की सुरू होते. विहीर कोरडी असली तरी. तिला पाणी दिसत नाही. तुमच्या नसा तशाच ऑटोवर राहिल्या आहेत. दुखणं खरं आहे. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. वाकणं परत आणू."

बायको शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

जुनी गोळी हळूहळू कमी झाली. रोजचा व्यायाम आला, तो कंटाळवाणा. दोन-चार झाडं पाहिली की दुखायच्या आधीच बसायचं, असा नियम आला. मी थांबणार नाही हे बायकोला ठाऊक, म्हणून आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या सौद्यांना ती लहान स्टूल घेऊन सोबत येऊ लागली.

असाच एक बगीचा पाहत होतो. मी गुडघे टेकले, मान फांद्यांत घातली आणि कितीतरी दिवसांनी झाडाचं पोट पाहिलं. बाहेरून भरगच्च, आत निम्मंही नव्हतं. मागं सरकून उठताना कळ आली आणि तोंडातून आवाज निघाला.

शेतकरी बांधावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "शेठ, झाड पाहूनच कण्हून राहिले. भाव पाडायची ही नवीन तऱ्हा काढली काय?"

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं स्टूल माझ्यामागं सरकवलं.

"तऱ्हा नाही, भाऊ," ती त्याला म्हणाली. "खरंच दुखते त्याइले."

मी बसलो. शेतकऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि आपला भाव पुन्हा सांगितला, तोच. मी आतलं फळ धरून माझा सांगितला. खूप वेळ ओढाताण चालली. ती संपेपर्यंत बायको माझ्या मागं उभी होती.