शपथेवर वाया गेलेलं वर्ष

साकोलीच्या तहसीलसमोर मी वीस वर्षं टाइपरायटर बडवला. शाळेत खंड पडलेलं पोर आलं की काही न विचारताच मी ठोकून द्यायचो: 'सदर वर्षात मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही व कोणतेही काम केलेले नाही.' तेही शपथेवर! सरकारला रिकामा माणूस फार आवडतो.

१९७८ साली एकोडीची पंचफुला आली. नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव लागलं होतं आणि हा कागद त्याच दिवशी द्यायचा होता, नाहीतर जागा गेली. नववीनंतर आई आजारी पडली म्हणून शाळा सुटली आणि पोरगी वर्षभर आत्याकडे राहिलेली. आत्या मालनबाई, गावची दाई; तीही सोबत आलेली. सगळा गाव म्हणे, पोरीचं वर्ष बुडालं.

मजकूर वाचून पंचफुला अडून बसली.

"हे लबाड आहे जी. त्या वर्षी आत्यासंग बारा बाळंतपणं केली मी. सही काहून करू?"

मी तापलो. मागे रांग लागलेली.

"खरं लिहिलं तं बाबू त्या कामाचं सर्टिफिकेट मांगते. आहे का तुह्याजवळ?"

पोरीनं आत्याकडे पाहिलं. आत्याजवळ बारा जिवंत लेकरं होती, पण त्यांच्यावर शिक्का नव्हता.

"कर सही," मालनबाई म्हणाली. "नाही तं हेही वर्ष जाईन."

पंचफुलानं रडत सही केली. साक्षीदार लागत होता, म्हणून खाली मालनबाईनंच अंगठा उठवला. आपली भाची आपल्यापाशी काहीच शिकली नाही, याची साक्ष! मी शाई पुसायला चिंधी दिली आणि पुढच्याला बोलावलं.

सहा वर्षांनी माझी सून ललिता अडली. बाळ पायाळू. डॉक्टर भंडाऱ्याला मीटिंगला गेलेले, आरोग्य केंद्रात एकटी पंचफुला सिस्टर. बाळाचे पाय दिसले तशी माझी बायको उषाबाई आतून ओरडली, "ओढ ना वं!"

"ओढाचं नसते, बाई. थांबाचं असते," सिस्टरचा शांत आवाज आला. मी बाहेर देव पाण्यात घालून बसलो होतो.

थोड्या वेळानं रडणारी नात घेऊन ती बाहेर आली.

"ट्रेनिंगात चांगलं शिकवते जी तुमाले," मी म्हणालो.

"ट्रेनिंगात पायाळू बाळ पाह्यलंच नाही मी," नात माझ्या हातात देत ती म्हणाली. "हे आत्यानं दाखवलं. त्याच वर्षी. तुमीच टाइप केलं होतं न?"

जन्मात पहिल्यांदा मला माझ्या बिनचूक टायपिंगची लाज वाटली.