अक्काला मी सांगितलेला आजार

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार, आणि मी तिला कधी कळू दिलं नाही — म्हणजे बघा. आज सांगायला बसलोय तर आधी भलतंच काहीतरी सांगावंसं वाटतंय. राजेश्वर गावातलं आमचं घर, तिथली तूर, आमची अक्का भाकरी कशी थापायची ते. अक्काबद्दल चांगलं बोलायला मला कधीच जड गेलं नाही. स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की जीभ अडते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं. मला ती ‘तम्मा’ म्हणायची, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. तिचं लग्न झालं, पण तिशीतच हातांची बोटं सुजून वाकडी झाली आणि नवऱ्यानं तिला आमच्या दारात आणून सोडलं. पुढं कोरडा खोकला लागला. आवाज घोगरा झाला. अंगण ओलांडेपर्यंत तिला दम लागायचा. गावात निदान करायला कुणाला डॉक्टर लागतो? सगळे म्हणाले, टीबी.

मी तिला हैदराबादला नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, बेडका तपासायला लावला. मग तिला बाहेर बाकावर बसवून मला म्हणाला, “टीबी नै है जी. गठिया है. वोइच फेफड़ों में उतरा है.” म्हणजे बोटं वाकडी करणारा तो संधिवातच फुप्फुसात गेला होता. गळ्यातही बारीक सांधे असतात म्हणे, ते सुजल्यामुळं आवाज बसला होता. कुणाला लागण व्हायची भीती नाही. गोळ्या चालू ठेवायच्या आणि दर दोन महिन्यांनी दाखवायला आणायचं. हे सगळं मला नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

बाहेर आलो. अक्कानं विचारलं, “काय म्हणला रे डाक्टर?”

“टीबी हाय, अक्का.”

का? — पुढच्याच महिन्यात मी पुण्याला निघालो होतो. कारखान्यात नोकरी, राहायला एक खोली, बायको आणि तीन वर्षांची प्रज्ञा. संधिवात म्हटलं असतं तर अक्काला सोबत न्यावं लागलं असतं. टीबी म्हटल्यावर तिला मागं ठेवायला कुणाची हरकत नव्हती. उलट चारचौघांनी मला शहाणं ठरवलं. बायकोवर ढकलू का? ती न्यायला तयार होती. मीच नव्हतो. मला त्या खोकल्याचा कंटाळा आला होता. नव्या शेजाऱ्यांपुढं ती वाकडी बोटं नको वाटत होती. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही.

मग मी तिचं ताट-पेला वेगळं केलं. जवळच्या चिटगुप्प्याच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी कपबश्या बाहेर वेगळ्या ठेवलेल्या असत, म्हणून आमच्या अप्पांनी जन्मभर तिथला चहा घेतला नाही. त्यांच्या लेकीचा पेला त्यांच्याच घरात मी वेगळ्या फळीवर नेऊन ठेवला. अक्का पौर्णिमेला विहारात सगळ्यांसोबत वंदनेला बसायची, ती आपणहून बाहेर ओट्यावर बसायला लागली.

पुण्याहून मी संधिवाताच्या गोळ्या तेवढ्या, टीबीच्या म्हणून, पाठवायचो. गावातल्याच एकाचा खराखुरा टीबी सहा महिन्यांच्या औषधानं बरा झाला, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत शेतात जायला लागला. तेव्हा तिनं चुलतभावाच्या मोबाइलवरून मला फोन केला. दर दोन-चार शब्दांनी श्वास घ्यायला थांबत होती.

“सहा म्हैने झाले की, तम्मा. एक बी गोळी चुकिवली न्हाई. मी आणखी बरी कामून न्हाई?”

सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? मी म्हणालो, “तुझा जुना हाय, अक्का. टैम लागंल.”

ती म्हणाली, बरं. तिला वाटलं असणार, आपलंच काही चुकतंय. हैदराबादला मी तिला पुन्हा नेलंच नाही.

सुट्टीत गावी गेलो की प्रज्ञा तिच्याकडं धावायची. अक्का तोंडावर पदर धरून ओरडायची, “लांब हो! जवळ येऊ नको म्हणलं ना!” त्या घोगऱ्या आवाजात ते रागावल्यासारखंच वाटायचं. पोर रडत परत यायची. मी तिला उचलून घ्यायचो आणि अंगणातूनच अक्काकडं बघायचो. मला जिनं कडेवर घेऊन वाढवलं, तिनं माझ्या लेकीला एकदाही पोटाशी धरलं नाही.

पुढच्या एका उन्हाळ्यात श्वास पुरेना म्हणून ती गेली. जवळ कुणी नव्हतं. तिनंच कुणाला येऊ दिलं नव्हतं. वेळच्या वेळी दाखवलं असतं तर जगली असती का, ते मला ठाऊक नाही. पण आपल्यामुळं लेकराला काही होईल हे भय घेऊन ती गेली, आणि ते भय मी दिलेलं होतं.

प्रज्ञा आता कमावती झालीय. परवा जेवताना सहज म्हणाली, “पप्पा, आत्याला मी आवडत नव्हते, ना?”

बायकोही हातातला घास तसाच ठेवून माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणालो, “तिचा स्वभावच तसा होता.”